बायको पाण्याखाली, नवरा काठावर: फेब्रुवारीत कुठे जावं?

पाणकोंबडी
नमस्कार मंडळी. डायव्हिंगचं वेड लागलंय. तारकर्लीला ओपन वॉटर केलं, पाठोपाठ ॲडव्हान्स्डही उरकलं, त्यामुळे कागदोपत्री ३० मीटरपर्यंत जायला मोकळी आहे. नवऱ्याला यातलं काहीही नको. पोहता येत नाही आणि या वयात शिकायचंही नाही. पाण्याची भीती वगैरे नाही, "मला नाकाने श्वास घ्यायला आवडतो" एवढंच त्याचं म्हणणं. त्याला आवडतात पक्षी, पडके किल्ले, जुने तुरुंग असलं सगळं. आणि मासे, पण ताटातले.

फेब्रुवारीत आठवडाभराची सुट्टी दोघांची जुळतेय. पुण्याहून निघणार. यादीत अंदमान, मालदीव आणि बाली आहेत. डाइव्ह शॉपवाल्यांना विचारलं तर ते फक्त पाण्याखालचं सांगतात, ट्रॅव्हलवाल्यांना विचारलं तर हनिमून पॅकेज काढून दाखवतात. (लग्नाला बारा वर्षं झाली हो!) मी सकाळी बोटीवर असताना त्याने खोलीत पंख्याखाली क्रिकेट बघत लोळू नये, आणि संध्याकाळी मी मेल्यासारखी झोपू नये, इतकीच अपेक्षा आहे. जमवलंय का कुणी?

डेक्कनवरचा
अगदी सोपं आहे. तुम्ही अंदमानला जा, त्यांना आमच्याबरोबर भिगवणला पाठवा. फेब्रुवारीत रोहित पक्षी असतात आणि मच्छी तर काय, बारा महिने.

पाणकोंबडी
@डेक्कनवरचा, हे त्याला वाचून दाखवलं. बॅग भरायला घेतलीय त्याने. कृपया धाग्याला फाटे फोडू नका.

सांजवेळ
पाणकोंबडीताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागी आहे. आमच्याकडे डायव्हर तो आणि काठावर मी. त्यामुळे मनापासून लिहितेय, जरा लांबेल.

जागा ठरवताना डाइव्ह साइट सगळ्यात शेवटी बघा. डायव्हर मंडळींना कुठेही नेऊन बुडवलं तरी ती खूश असतात, नखाएवढी गोगलगाय दिसली तरी रात्रीच्या जेवणाला तासभर पुरते. प्रश्न काठावरच्याचा असतो. त्याचा सकाळी सात ते दुपारी एक हा वेळ जिथे आपोआप भरतो, ती जागा दोघांची.

आता सात ते एक का, तर सगळीकडे बोटींचं घड्याळ साधारण सारखंच. पहाटे उठून शॉपवर जायचं, सामान तपासायचं, सातच्या आसपास बोट सुटते. दोन डाइव्ह, मधे तासभर वर बसणं, आणि एक-दीडपर्यंत परत. मग जेवण. आणि मग ती झोप! डायव्हिंगनंतरची झोप काय असते ते आम्ही काठावरचे जाणतो, कुंभकर्ण बरा. अंदमानात तर हा हिशेब आणखी नाजूक आहे, कारण घड्याळ भारताचं आणि सूर्य ब्रह्मदेशाच्या बाजूचा. फेब्रुवारीत साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. डायव्हर चारला डोळे चोळत उठला, चहा झाला, आंघोळ झाली, की अंधार. आठवडाभर एकमेकांना फक्त ट्यूबलाइटमध्ये बघायचं.

यावर आमच्या घरचा तोडगा: रोज डाइव्ह करायचं नाही. एक दिवस आड. डाइव्हच्या दिवशी दुपार झोपेची हे मान्य, पण मधला अख्खा दिवस दोघांचा आणि त्याचं नियोजन काठावरच्याने करायचं. डायव्हरने फक्त "हो" म्हणायचं.

दुसरं, "तो बोटीवर येऊन बसेल की" हा विचार करत असाल तर सोडून द्या. मी केलंय. डायव्हर उड्या मारून निघून जातात आणि बोट तिथेच दोरीला बांधलेली डुलत राहते. चालत असते तेव्हा काही वाटत नाही, पण उभी राहिली की डिझेलचा वास, ओले सूट आणि ते डुलणं. पाऊण तास क्षितिजाकडे टक लावून बसायचं, आणि तेवढ्यात कुणीतरी पुढ्यात संत्रं सोलतं. त्यानंतर मी जे केलं ते इथे लिहीत नाही.

निळी_छटा
मालदीव! यात विचार काय करायचा? फेब्रुवारी म्हणजे तिकडचा कोरडा हंगाम, पाणी काचेसारखं. रिसॉर्टच परवडायला हवं असंही नाही. स्थानिक लोकांच्या बेटांवर गेस्टहाउस असतात, खर्च कितीतरी कमी. दक्षिण आरी प्रवाळवलयातलं धिगुरा बेट बघा. तिथे व्हेल शार्क वर्षभर दिसतात आणि ते पृष्ठभागाजवळ पोहतात, म्हणजे टाकी न लावता नुसत्या स्नॉर्कलवरही बघता येतात. जोडप्यातला एकच डायव्हर असेल तर याहून चांगलं काय? शिवाय भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर फुकट व्हिसा.

सांजवेळ
निळी छटा, मालदीवबद्दल तुमचं बरोबर, पण ज्याला पोहता येतं त्याच्यासाठी. पाणकोंबडीचा नवरा पोहत नाही. तसल्या बेटावर बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचता येतं. पहिल्या दिवशी स्वर्ग, दुसऱ्या दिवशी पुस्तक, तिसऱ्या दिवशी माणूस खेकडे मोजायला लागतो. किल्ला नाही, तुरुंग नाही. स्थानिक बेटांवर बिअरही मिळत नाही, ती फक्त रिसॉर्टवर नाहीतर बोटीवर.

निळी_छटा
खेकडे मोजण्यात काय वाईट आहे? मी आनंदाने मोजले असते. पण बरं, मान्य. त्यांना स्नॉर्कलही नको असेल तर मालदीव वायाच. फक्त एक नोंद करून ठेवते, पुढेमागे विचार बदलला तर: बा प्रवाळवलयात हनिफारू नावाचा उथळ उपसागर आहे. जून ते नोव्हेंबरात वाऱ्या-करंटमुळे तिथे प्लवक साठतं आणि ते खायला मान्टा रे, म्हणजे आपल्या वाघळीच्या राक्षसी चुलत बहिणी, झुंडीने येतात. गंमत अशी की तिथे स्कूबाला बंदी आहे! फक्त स्नॉर्कल. सर्टिफिकेट असो नसो, सगळे एकाच पातळीवर. डायव्हर लोकांची जिरते ती बघण्यासारखी असते.

पाणकोंबडी
वा, हे माहीतच नव्हतं. बोटीवरच राहायचं ते लिव्हअबोर्ड कसं वाटतं? एका मैत्रिणीने सुचवलं. खोलीचं भाडंही त्यातच येतं म्हणे.

काठावरचा_काका
ताई, घटस्फोटाच्या वकिलाचं भाडंही त्यात धरा. दिवसाला तीन-चार डाइव्ह, मधे फक्त खाणं आणि पाण्याखालच्या गप्पा. बोटीवर तो एकटाच कोरडा माणूस असणार. मी आठवडाभर एका फ्रेंच माणसाला भरलं वांगं समजावून सांगत होतो, कारण बाकी सगळे खालीच.

बेटकर
बालीबद्दल. फेब्रुवारी म्हणजे तिकडे पावसाळा. रोज कोसळत नाही, पण पडतो, आणि तुमची सुट्टी आठवडाभराचीच. जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर मात्र तुमच्यासारख्या जोडप्याला बालीइतकी सोयीची जागा मी पाहिलेली नाही, म्हणून पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो.

ईशान्येला तुलाम्बेन म्हणून गाव आहे. तिथलं 'लिबर्टी' हे अमेरिकन मालवाहू जहाज १९४२ साली जपानी पाणबुडीच्या टॉर्पीडोने निकामी झालं, ओढत आणून काठावर लावलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. आता ते किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की बोटच लागत नाही. गावातल्या बायका टाक्या डोक्यावर घेऊन दगडांवरून चालत येतात, अगदी एका वेळी दोन-दोन. तुम्ही टाकी चढवायची, गोट्यांवरून ठेचकाळत पाण्यात शिरायचं, खाली तासभर, की बाहेर. नवरा समोरच्या झाडाखाली कॉफी पीत बसलेला. तो उठून दुसरीकडे गेला तरी कुणाची वाट बघायला नको, कारण बोटीचं वेळापत्रकच नाही. तासाभरावर तीर्थगंगाचा राजवाडा आणि पाण्याची कुंडं, वर बेसाकीहचं मोठं देवस्थान.

एक मात्र सांगतो, तुलाम्बेनचा किनारा काळ्या गोट्यांचा आहे. वाळूत लोळायची स्वप्नं असतील तर ती दक्षिणेला.

वाळवंटातली
काठावरूनच पाण्यात शिरायचं म्हणत असाल तर इजिप्तमधलं दहाब! आम्ही दुबईहून जातो. एका बाजूला ओळीने कॅफे, गाद्या-लोड टाकलेले, आणि दहा पावलांवर तांबडा समुद्र. डायव्हर आत जातो, बाकीचे चहा ओततात. मागे सिनाईचे डोंगर आणि सेंट कॅथरीनचा सहाव्या शतकातला मठ. तुमच्या अहोंना तो नक्की आवडेल. पण फेब्रुवारीत पाणी २१-२२ अंश, वर वारा. जाड सूट घातला तरी मी कुडकुडते. आणि पुण्याहून आठवड्यात जाऊन येण्यासारखं नाही ते.

चिंगी
मॉरिशस का नाही सुचवलं कुणी? तिथे तर मराठी लोकही आहेत, आजोबा-पणजोबांच्या काळी रत्नागिरी-साताऱ्याकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकवतात. गप्पांना माणसं मिळतील.

बेटकर
चिंगी, फेब्रुवारी हा तिथे चक्रीवादळांचा भर. ऑक्टोबरमध्ये जावं.

खारवी
मी मालवणचा. दर शनिवार-रविवारी इथे "स्कूबा"ला येणारी गर्दी बघतो, म्हणून आधी आमचंच खरं सांगतो. ताई, तुम्ही ॲडव्हान्स्ड केलंय, तुम्हाला आता किल्ल्याजवळचं ते वीस मिनिटांचं, हात धरून नेतात ते स्कूबा पुरणार नाही. पाणीही गढूळ-नितळ जसं नशीब असेल तसं. पण तुमच्या घोवाक मालवणात कंटाळो येवचो नाय! सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, कर्लीची खाडी, रात्री दशावतार लागला असेल तर तो, आणि जेवण मी वेगळं सांगायला नको. जोडून शनिवार-रविवार आले की या, फक्त डायव्हिंगसाठी म्हणून येऊ नका.

जरा खाली कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे, ते तुमच्या लायक. पण तिथे काठावरच्याला देऊळ आणि शंकराची ती अवाढव्य मूर्ती बघून झाली की दुपारी काय, हा प्रश्न येतो.

आठवडा असेल आणि पक्षी, तुरुंग, मासे असं सगळं हवं असेल तर डोळे मिटून अंदमान. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

सांजवेळ
खारवीदादांना अनुमोदन. अंदमानात तुमच्या नवऱ्याचा दिवस असा भरतो बघा. हॅवलॉकवर (आताचं स्वराज द्वीप) स्कूटर भाड्याने मिळते. तुम्ही बोटीवर गेलात की तो काळापत्थरला जाईल. पूर्वेचा किनारा, सकाळचं ऊन, माणसं कमी. राहायला किनारा क्रमांक तीन किंवा पाचला घ्या, बहुतेक डाइव्ह शॉप त्याच पट्ट्यात आहेत, पहाटे धावाधाव नाही. फक्त हे किनारे बघून "हॉटेलसमोर समुद्र आहे, पोहू" असं मनात आणू नका. ओहोटीला पाणी कुठल्या कुठे जातं आणि खाली खडक उघडे पडतात. पाण्यात उतरायचं तर पश्चिमेचा राधानगर, सूर्यास्तही तिथलाच. पण झेंडे आणि जीवरक्षक असतात तेवढ्याच पट्ट्यात. त्या किनाऱ्याच्या एका टोकाला नील्स कोव्ह म्हणून लगून आहे, तिथे २०१० साली खाऱ्या पाण्यातल्या मगरीने एका पर्यटक बाईचा बळी घेतला. फोटोत ते फार सुंदर दिसतं. पाट्या वाचा आणि बाहेरूनच बघा.

पक्ष्यांसाठी मात्र हॅवलॉकपेक्षा पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) जास्त चांगलं. तिथून चिडियाटापू गाडीने गाठता येतं. अंदमानचा काळा सुतार, अंदमानचा कोतवाल, तिथला सर्पगरुड असे फक्त त्या बेटांवर सापडणारे पक्षी. सिप्पीघाटच्या पाणथळीत बदकं. आणि तुरुंगाचं म्हणाल तर सेल्युलर जेल, सात बाजूंपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी दाखवतात. मराठी माणूस तिथे जरा वेळ गप्प होतोच, तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा. रॉस बेटावर ब्रिटिशांची पडकी चर्च, बेकरी आणि त्यावर चढलेली वडा-पिंपळाची मुळं. मी तिथे डायव्हर नवऱ्याची आठवणही काढली नाही.

बुडबुडा
मी अंदमानात काही हंगाम इन्स्ट्रक्टर म्हणून काम केलंय. दोन गोष्टी.

शेवटचा डाइव्ह आणि विमान. एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस केले असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. आम्ही सरळ २४ तास सांगतो. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायचा असतो. वर केबिनमधला दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे धरण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. फेरीने प्रवास केलेला चालतो, ती समुद्रसपाटीलाच असते. त्यामुळे तुमच्या बाबतीत वेळापत्रक आपोआप जमतं: हॅवलॉकवरचा शेवटचा डाइव्ह सकाळी, दुसऱ्या दिवशी फेरीने पोर्ट ब्लेअर, तो दिवस आणि मुक्काम तिथे, तिसऱ्या दिवशी विमान. पोर्ट ब्लेअरचा अख्खा दिवस नवऱ्याचा. फेरी खराब हवेमुळे रद्द झाली तर तो दिवस उशीसारखा कामाला येतो. फेरीच्याच दिवशीचं विमान कधीही घेऊ नका.

दुसरं, साइट. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज, दोन्ही खोल, तुमच्या ॲडव्हान्स्डचं चीज करणाऱ्या. पण लांब आहेत, आणि करंट असेल तर शॉपवाले नेत नाहीत. नेत नाहीत म्हणाले तर हुज्जत घालू नका. प्रवाळाबद्दल फार मोठ्या आशा ठेवू नका. २०१० ला पाणी तापून तिथलं उथळातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं आणि त्यानंतरही फटके बसलेत. मासे मात्र भरपूर. बराकुडाच्या झुंडी, स्नॅपर, हेकरू.

आणि हो, साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं. बारीक अक्षरं वाचून घ्या.

डेक्कनवरचा
एवढं सगळं करण्यापेक्षा त्यांनाच एकदा पाण्याखाली न्या की. पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टरबरोबर नेतात. एकदा बघितलं की वेड लागेल, मग धागाच बंद!

सांजवेळ
हे सगळ्या डायव्हर लोकांचं आवडतं स्वप्न. "एकदा करून तर बघ." मला आमच्या घरात वर्षभर ऐकवलं गेलंय. शेवटी केलं. छान होतं. पुन्हा करायचं नाही. हे "पुन्हा करायचं नाही" समजून घ्यायला त्याला आणखी वर्ष लागलं.

बुडबुडा
डेक्कनवाले दादा, पोहता न येणाऱ्यांनाही डिस्कव्हर स्कूबा करता येतं हे खरं. इन्स्ट्रक्टर सतत बरोबर असतो, मर्यादा १२ मीटरची, प्रत्यक्षात त्याहून उथळच नेतात. हॅवलॉकला काठावरून चालत शिरता येईल असा नेमो रीफ त्यासाठी बरा. पण बायकोच्या आग्रहाखातर आलेला नवरा मी लांबून ओळखतो. फॉर्म भरताना दम्याच्या रकान्यापाशी पेन रेंगाळतं, आणि पाण्यात कान दुखत असला तरी तो अंगठा आणि तर्जनी जुळवून "ओके" दाखवतो. असा माणूस मला नको असतो. आरोग्याचा फॉर्म खरा भरा, दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरचं पत्र लागतंच. आणि त्याने ठरवलंच, तर पाणकोंबडीताईंनी त्याच्याबरोबर उतरू नये. बायको शेजारी असली की तो इन्स्ट्रक्टरकडे बघत नाही.

पाणकोंबडी
नाही नाही, तो आग्रह मी सोडून दिलाय. तो काठावर सुखी आहे आणि मला तसाच आवडतो.

अंदमान पक्कं करतेय. एका ठिकाणी वाचलं, रात्री कयाकमधून खाजणात नेतात आणि पाणी हलवलं की निळं चमकतं. यासाठी त्याने लगेच होकार दिला, लाइफ जॅकेट घालून. पण हे अमावास्येला चांगलं दिसतं म्हणे. मग तारखा अमावास्येभोवती धरू का?

खारवी
ताई, इथे जरा थांबा. अमावास्येला समुद्राला उधाण असतं. भरती मोठी, ओहोटी मोठी, आणि मधे पाण्याची ओढ जोरात. तुमच्या त्या खोल साइटवर हीच ओढ आडवी येणार. डायव्हरला हवा भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासचा काळ, पाणी फार चढत-उतरत नाही. तुम्हाला अष्टमी हवी, त्यांना अमावास्या हवी, असा पेच आहे हा.

पण सुटतो. कयाकला अमावास्याच कशाला, अंधार हवा. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. म्हणजे संध्याकाळी सात-आठला वद्य दशमीलाही अंधार गुडुपच. तेव्हा वद्य सप्तमीच्या सुमाराला पोचा, पहिले दिवस भांगात डायव्हिंग करा, मधे एका रात्री कयाक, आणि अमावास्येच्या उधाणाच्या आत समुद्रातून बाहेर. कालनिर्णय काढून बसा, विमानकंपनीची साइट मागून उघडा.

काठावरचा_काका
विमानाची तिकिटं भांग बघून काढायची! खारवीशेठ, दंडवत.

बुडबुडा
खारवींचं शंभर टक्के बरोबर. आम्ही भरती-ओहोटीचे तक्ते बघतो, ते तिथी बघतात, उत्तर तेच. फक्त कयाकला आपलं आपण जाऊ नका, खाजणातल्या कोणत्या फाट्यात मगरीची खबर आहे ते तिथल्या माणसांना ठाऊक असतं.

पाणकोंबडी
कालनिर्णय काढलं. फेब्रुवारीतली वद्य सप्तमी ते अमावास्या म्हणजे महाशिवरात्रीचाच आठवडा येतोय. सासूबाईंना सांगायचं काम नवऱ्याकडे दिलंय. माघ वद्य चतुर्दशीला आम्ही पोर्ट ब्लेअरला असू आणि त्याचा उपास असेल, म्हणजे मासे आदल्या रात्री.

ढोबळ आराखडा: पोचल्या दिवशी फेरीने थेट हॅवलॉक. मग एक दिवस डाइव्ह, एक दिवस भटकंती, असं आलटून पालटून. डाइव्हच्या एका दिवशी तो एकटा एलिफंट बीचला जंगलातल्या वाटेने चालत जाणार, पक्षी बघत. शेवटचा डाइव्ह झाला की चोवीस तासांहून जास्त मोकळे. पोर्ट ब्लेअरला पहाटे चिडियाटापू, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. नील बेट गाळलंय, धावपळ होते. चुकतंय का काही?

सांजवेळ
छान आहे. पोचल्या दिवशी फेरी मिळेलच असं धरू नका, विमान उशिरा आलं तर दुपारची फेरी हुकते. सकाळचं विमान बघा नाहीतर पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. एलिफंट बीचची वाट पावसानंतर चिखलाची असते, फेब्रुवारीत ठीक. त्याच्याकडे थोडी रोख ठेवा, हॅवलॉकच्या एटीएमवर विसंबू नका. आणि डाइव्हच्या दिवशी रात्री जेवताना पाण्याखालचं बोलणं दहा मिनिटं. नंतर त्याचे पक्षी.

पाणकोंबडी
दहा मिनिटं फार कमी आहेत, पण बरं.

शेवटचा प्रश्न. एलिफंट बीचवर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क लावून बघायला तो तयार झालाय! पण चष्मा आहे. उजव्याचा उणे साडेचार, डाव्याचा उणे तीन. चष्म्यावर मास्क बसत नाही ना?

बुडबुडा
नाही बसत, चष्म्याच्या काड्यांमुळे बाजूने पाणी शिरतं. नंबरच्या काचा बसवता येतील असे मास्क मिळतात, डाव्या-उजव्या काचा वेगवेगळ्या घालता येतात. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने येतात, त्यामुळे साडेचार आणि तीन दोन्ही मिळतील. सिलिंडरचा नंबर असेल तर तो तयार काचेत नसतो, पण पाण्यात वस्तू मुळातच मोठ्या आणि जवळ दिसतात, भागतं. हॅवलॉकच्या काही शॉपकडे असे मास्क भाड्याने असतात, बुकिंग करतानाच नंबर कळवून ठेवा, आयत्या वेळी उणे दोनचाच शिल्लक असतो. आणि मिशी आहे का त्यांना? असेल तर नाकाखाली किंचित व्हॅसलीन लावा, नाहीतर मास्क गळतो.

पाणकोंबडी
मिशी आहे. काढणार नाही म्हणतोय. व्हॅसलीन घेते.